शेऱ्याचा रकाना

सकाळी ६.४०

चहाला आधण यायच्या आत मोबाईलवर निरोप येऊन पडलेला असतो. भूसंपादनाच्या ग्रुपला रात्र ठाऊक नाही. आजचा निरोप असा: दुपारी चारला व्हीसी, गावनिहाय प्रगतीचा तक्ता तीनच्या आत अद्ययावत करून पाठवावा, शेरा थोडक्यात असावा. खाली तीन मंडळ अधिकाऱ्यांचे अंगठे.

मी अव्वल कारकून. सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागातल्या एका प्रांत कचेरीत भूसंपादनाची शाखा सांभाळतो. राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, १९५६ प्रमाणे प्रांतसाहेब हे ‘सक्षम प्राधिकारी’. सहीचे धनी ते, तक्त्याचा धनी मी. रस्ता रत्नागिरी–नागपूर, क्रमांक १६६. त्यावरून गाड्या पळायला लागून काही वर्षं झाली, बोरगावला टोल भरावा लागतो, मग तुमची शाखा अजून चालू कशी, असं पाहुणेरावळे विचारतात. रस्ता होतो, संपादन उरतं. कुठे सेवारस्त्याला दोन गुंठे कमी पडलेले, कुठे मूळ अधिसूचनेत गटाचा पोटहिस्सा सुटलेला, कुठे भुयारी मार्गाच्या तोंडाशी पाणी तुंबतं म्हणून जागा वाढवून हवी. अशा प्रत्येक तुकड्याला पुन्हा पहिल्यापासून सगळी पूजा घालावी लागते: थ्री-ए म्हणजे इराद्याची अधिसूचना, थ्री-सी म्हणजे हरकती, थ्री-डी झालं की जमीन केंद्राची, थ्री-जी म्हणजे निवाडा, थ्री-एच म्हणजे पैशांचं वाटप. थ्री-ए पासून वर्षाच्या आत थ्री-डी निघालं नाही तर सगळं व्यपगत, पुन्हा शून्यापासून. कलमांची ही इंग्रजी बाराखडी आमच्याकडे आता बांधावरच्या म्हाताऱ्यालाही पाठ आहे. “माझं थ्री-डी झालंय, थ्री-जी आडलंय” असं लोक दुखणं सांगावं तसं सांगतात.

सकाळी ८.००, शिवारात

आज वाढीव क्षेत्राची संयुक्त मोजणी. भूमी अभिलेखचा भूकरमापक मोजणीचा रोव्हर घेऊन हजर, रस्त्याच्या सल्लागार कंपनीचा एक तरुण इंजिनिअर, तलाठी, कृषी खात्याचा माणूस आणि मी. तलाठ्याचं पद आता ‘ग्राम महसूल अधिकारी’ झालंय, पण गावात त्याला कोणी त्या नावाने हाक मारत नाही.

द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणी होऊन आठवडा झालाय, काड्यांवर नुसते डोळे, त्यांना पेस्ट लावून झालेली. बाग उघडीबोडकी असल्यामुळे मोजायला सोपी, आणि मालकाच्या दृष्टीने सगळ्यात वाईट वेळ, कारण वर्षाचा निम्मा खर्च आताच्या दीड-दोन महिन्यांत होतो. फक्कीची रेघ बागेत तिरपी शिरली. कृषीवाला ओळीतून चालत वेली मोजू लागला. नऊ बाय पाचवर लागण; या अंतरावर एकरात साडेनऊशेच्या वर वेली बसतात, म्हणजे गुंठ्याला चोवीस. गुंठे माहीत असले की न मोजताही आकडा येतो, पण मोजलाच पाहिजे, कारण मर झालेली वेल धरायची नाही.

मालक आमच्या मागे मागे. साठीचा माणूस, डोक्याला टॉवेल.

“भाऊसाहेब, झाडं मोजली. तारंचं काय?”

“मंडपाचं मूल्यांकन वेगळं होतंय की. अँगल किती, तार किती, धरतील.”

“तुमच्या रेघंतली धरतील. हिकडं या.” त्याने मला ओळीच्या टोकाला नेलं. टोकाचा अँगल बाहेरच्या बाजूला कललेला, जमिनीत पुरलेल्या दगडाला ताणाने जखडलेला. सगळ्या ओळीची तार त्या एका ताणावर उभी असते. “ह्यो तुमच्यात जाणार. ह्यो गेला की मागची आख्खी लाईन ढिली. मंडप लोळतोय खाली. मग म्या नवा ताण कुठं मारू? बागंच्या मधी? मारला तर तिथल्या चार-चार वेली जात्यात, ट्रॅक्टर वळंना. हे कशात बसवणार तुमी?”

कशात बसवणार? नमुन्यात वेलींची संख्या आहे, वय आहे, अँगल-तार-ठिबकची लांबी आहे. हद्दीबाहेर राहिलेल्या बागेला पुन्हा ताण द्यायचा खर्च, हा रकाना नाही. इंजिनिअर प्रामाणिकपणे म्हणाला, आम्ही फक्त राइट ऑफ वेच्या, म्हणजे रस्त्याच्या हद्दीच्या, आतलं बघतो. तलाठी मात्र जुना गडी. त्याने पंचनाम्यात अर्धं पान खर्चून सगळं उतरवलं: किती ओळी, टोकाचे किती अँगल, ताण कुठे हलवावा लागेल, त्यात आणखी किती वेली जातील. खाली पंचांच्या सह्या.

विहीर थोडक्यात रेघेबाहेर राहिली, पण तिची पाइपलाइन रेघेखालून पलीकडच्या पट्टीला जाते. पलीकडे उरतंय ते त्रिकोणी अडीच गुंठे. तिथे जायला आता भुयारी मार्गाने वळसा. मालक वर बघत म्हणाला, “भोशातल्या वडाला रस्ता वाकला. माझ्या पायपाला का वाकंना?”

भोसे मिरज तालुक्यातलं, याच रस्त्यावरचं. यल्लम्माच्या देवळाजवळचा चारशे वर्षांचा म्हणून ओळखला जाणारा वड रस्त्यात जात होता. २०२० च्या जुलैत त्यासाठी लोक उभे राहिले, आदित्य ठाकरेंनी पर्यावरणमंत्री म्हणून गडकरींना पत्र लिहिलं, आणि आखणीत बदल करून वड वाचवला गेला. दोन वर्षांनी तो पावसात कोसळला, ही गोष्ट वेगळी. पण तेव्हापासून या पट्ट्यातल्या प्रत्येक मोजणीत कोणी ना कोणी तो वड काढतोच. आखणी ही देवाने ओढलेली रेघ नाही, हे लोकांना एकदा दिसलंय. ते विसरा म्हणून मी कोणत्या तोंडाने सांगू?

सकाळी ११.१०

कचेरी. आवक बारनिशीत आज माहिती अधिकाराचे दोन अर्ज, न्यायालयाची एक नोटीस आणि वाळव्याकडच्या एका आजोबांचा चुकून आमच्याकडे आलेला अर्ज. त्यांची जमीन पुणे–बंगळूर रस्त्याच्या चौपदरीकरणात गेलेली. तेव्हा महामार्ग कायद्यात दिलासा रक्कम, म्हणजे जमिनीच्या किमतीवर वरून मिळणारी भर, नव्हती. कलम थ्री-जेने जुना भूसंपादन कायदाच बाजूला ठेवला होता. २०१९ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तरसेम सिंग खटल्यात ते कलम त्या मर्यादेत घटनाबाह्य ठरवलं आणि १९९७ ते २०१५ दरम्यानच्या संपादनांना दिलासा रक्कम व व्याजाचा रस्ता मोकळा झाला. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण परत न्यायालयात गेलं की हा निकाल मागे लागू करू नका, ते २०२५ मध्ये फेटाळलं गेलं. आजोबांच्या अर्जाला हे सगळं माहीत आहे; कोणा वकिलाने चांगला लिहून दिलाय. फक्त कचेरी चुकली. अर्ज मूळ कचेरीकडे वर्ग करतो आणि त्यांना फोन करून सांगतो, कारण ‘वर्ग केला’ हे पत्र पोचायला तेवढाच वेळ लागतो जेवढा वकिलाला नवा अर्ज लिहायला.

दारात तासगावकडची पाच-सहा माणसं. “शक्तीपीठाचं काय?” ते आमच्या टेबलावर नाही. शक्तीपीठ महामार्ग राज्याचा, रस्ते विकास महामंडळाचा, कायदाही निराळा: महाराष्ट्र महामार्ग अधिनियम, १९५५. २०२३ च्या अर्थसंकल्पात घोषणा झालेला, पवनार ते पत्रादेवी, २०२५ च्या मंजुरीत ८०२ किलोमीटरचा. २०२५ च्या जूनमध्ये मंत्रिमंडळाने भूसंपादनासह २०,७८७ कोटींची तरतूद मान्य केली. त्याच्या आखणीत कवठेमहांकाळ, तासगाव, मिरजेतली गावं आल्यापासून या जिल्ह्यात ‘महामार्ग’ म्हटलं की माणूस आधी सातबारा घट्ट धरतो. त्यांचं म्हणणं साधं आहे: टेंभू-म्हैसाळ योजनांचं पाणी येऊन बागा आत्ता कुठे उभ्या राहिल्या, आणि नेमकी तीच जमीन रस्त्याला सपाट दिसते. मी त्यांना बरोबर कचेरीचं नाव सांगितलं. त्यांना ते आधीच माहीत होतं. ते माझं तोंड बघायला आले होते, सरकार काय म्हणतंय ते त्यावर लिहिलेलं असतं या समजुतीने.

दुपारी १२.१५

थ्री-सीची सुनावणी. अधिसूचना राजपत्रात आली की एकवीस दिवसांत हरकत द्यायची. कायद्याला हवी असते ती जमीन घेण्याबद्दलची हरकत. लोक देतात दराबद्दलची. दराची पाळी पुढे, थ्री-जीला. हे मी दर सुनावणीच्या सुरुवातीला सांगतो आणि दर सुनावणी दरावरच संपते. संपणारच. २०१३ चा कायदा महामार्गांना २०१५ पासून लागू झाला तेव्हा ग्रामीण भागात गुणांक दोन होता. बाजारमूल्य दुप्पट, त्यावर तेवढीच दिलासा रक्कम, म्हणून ‘चौपट’. २०२१ च्या ऑक्टोबरात राज्याने राष्ट्रीय महामार्गांसाठी गुणांक एकवर आणला. एकाच रस्त्याला आधी गेलेल्याला चौपट आणि नंतरच्याला दुप्पट. याच रस्त्याच्या चोकाक ते अंकली टप्प्यात शेतकऱ्यांनी चौपटीसाठी मोजण्या बंद पाडल्या त्या यावरूनच. बांधाच्या अलीकडे-पलीकडे दोन भाऊ, एकाची जमीन पहिल्या टप्प्यात गेली, दुसऱ्याची आता वाढीव क्षेत्रात. धाकटा विचारतो, “जमिनीनं काय दोन आयांचं दूध पिलंय?” साहेब खाली बघून लिहितात. मीही.

आणखी एक हरकत फाट्यावरच्या रसवंतीवाल्याची. त्याचा घाणा बांधकाम खात्याच्या जुन्या हद्दीत. पंधरा वर्षं तो तिथे ऊस पिळतोय, ग्रामपंचायतीची पावती आहे, लाईटचं बिल आहे, जमीन नाही. आमच्या कागदात तो ‘बाधित’ नाही, ‘अतिक्रमण’ आहे. फाटा उड्डाणपुलाखाली गेल्यावर गिऱ्हाईक कुठे थांबणार हा त्याचा प्रश्न, आणि तो हरकतीच्या व्याख्येत बसत नाही. साहेबांनी म्हणणं नोंदवून घेतलं. ‘नोंद घेतली’ एवढं आदेशात येईल.

दुपारी १.४५

डबा. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वांगं. पंधरा मिनिटं.

दुपारी २.००

आता तक्ता. एक्सेलमध्ये आडवा पसरलेला, ए-थ्री कागदावर सुद्धा अक्षर मुंगीएवढं. गाव, गट, संपादनाचं क्षेत्र, थ्री-ए दिनांक, थ्री-डी दिनांक, निवाड्याची रक्कम, जमा रक्कम, वाटप, शिल्लक, ताबा, न्यायालयीन प्रकरणं, पुनर्वसन, शेरा. हीच माहिती २०१८ पासून केंद्राच्या भूमिराशी पोर्टलवरही भरावी लागते. अधिसूचनेचा मसुदा तिथूनच जातो, पैसेही त्याच वाटेने येतात. पोर्टलचं मी वाईट बोलणार नाही. आधी मसुदा दिल्लीला टपालाने जायचा आणि गटाचा एक आकडा चुकला की शुद्धिपत्रकाला महिने जायचे. आता चूक त्याच दिवशी दिसते.

पण माझ्या मते या सगळ्या डोलाऱ्यात खरा रकाना एकच, शेवटचा. बाकीच्यांत आकडे जातात, आकडा कुठल्याही कचेरीत तोच राहतो. शेरा मात्र वर जाताना झिजतो. सकाळचाच घ्या. तलाठ्याच्या पंचनाम्यात अर्धं पान. माझ्या तक्त्यात मी लिहिलं: ‘द्राक्षबाग, हद्दीबाहेरील मंडपाच्या पुनर्उभारणी खर्चाची मागणी, पाइपलाइन स्थलांतर, उर्वरित २.५ गुंठे वापरायोग्य नाही.’ जिल्ह्याच्या एकत्रित तक्त्यात ते होईल ‘मूल्यांकनाबाबत मागणी’. विभागीय आयुक्तांकडे पुण्याला जाईल तो ‘मोबदला वाद: १’. आणि दिल्लीच्या आढाव्यात आमचं गाव म्हणजे ‘शिल्लक’ या शब्दापुढच्या टक्क्यातला एक दशांश. कोणी खोटं लिहीत नाही. प्रत्येक जण आपल्या वरच्याचा वेळ वाचवतो.

पुनर्वसनाचा रकाना तर कित्येक महिन्यांपासून ‘निरंक’ आहे. धरणात अख्खं गाव उठतं, म्हणून कोयना-चांदोलीच्या कागदांत पुनर्वसनाच्या फायलीच फायली. रस्ता माणसाला गावातून उठवत नाही, तो त्याला त्याच्याच गटात वीस-पंचवीस फूट मागे सरकवतो. पुढची पडवी आणि स्वयंपाकघर जातं, मागची न्हाणी राहते. तो पैसे घेऊन मागे दोन खोल्या काढतो, त्यासाठी लेकाच्या लग्नाचे वापरतो, आणि आमच्या लेखी विस्थापित कोणीच नसतं. खरं तर २०१३ च्या कायद्याची दुसरी अनुसूची महामार्गालाही लागू आहे: घर जाणाऱ्या कुटुंबाला वाहतुकीचे ५० हजार, एकदाच देण्याचा पुनर्वसाहत भत्ता ५० हजार, वर्षभर दरमहा तीन हजार निर्वाह, गोठा किंवा टपरी गेली तर किमान २५ हजार. पण ते मागावं लागतं, आणि मागायचं असतं हे सांगणारा माणूस शेरा थोडक्यात लिहिण्यात गुंतलेला असतो. निवाड्याच्या नोटिशीबरोबर या चार ओळी मराठीत छापून द्यायला मी हल्ली सुरुवात केलीय. त्यातून अर्ज येऊ लागलेत, म्हणून या महिन्यात त्या रकान्यात पहिल्यांदा आकडा पडेल.

त्यात एक कुटुंब असं आहे की ज्याचं मूळ गाव चांदोली धरणात गेलं. इकडे जमीन मिळाली ती भोगवटादार वर्ग दोनची, इतर हक्कात पुनर्वसनाचा शेरा. त्यातले सतरा गुंठे आता रस्त्यात. २०१३ च्या कायद्यात कलम ३९ आहे: एकदा विस्थापित झालेल्याला शक्यतो पुन्हा उठवू नये, उठवलं तर मोबदल्याइतकीच जादा रक्कम द्यावी. पण महामार्गाला २०१५ च्या आदेशाने लागू झालं ते अनुसूचींमधलं, आणि कलम ३९ अनुसूचीत नाही. मग लागू की नाही? मला वाटतं द्यायला हवं. माझ्या वाटण्याला रकाना नाही. शेरा: ‘अभिप्राय मागविला आहे.’ खाली जोडपत्र लावलं, त्या घराचा धरणापासूनचा सगळा इतिहास दोन पानांत. जोडपत्र कापायला कोणी सांगत नाही, कारण ते कोणी उघडत नाही. यालाही काही फायदा आहे. उद्या प्रकरण लवादापुढे किंवा कोर्टात गेलं की वकील पहिलं जोडपत्रच उघडतो.

२.५५ ला मेल गेला.

दुपारी ४.००

व्हीसी. आमची पाळी पावणेपाचला आली आणि दीड मिनिटात संपली. ताबा किती टक्के, उरलेलं कधी. साहेब म्हणाले, दोन महिन्यांत. पलीकडून ‘ठीक’. मी शेजारी जोडपत्राचं पान काढून बसलो होतो.

सायंकाळी ५.१५

वाटप. दिवसातला हा भाग मला आवडतो, कारण यात पैसे खरोखर लोकांच्या हातात जातात, आणि नकोसाही वाटतो, कारण त्याच कारणाने घरं फुटतात. सातबारा, आठ-अ, आधार, पॅन, रद्द केलेला धनादेश, हमीपत्र. सोसायटीचा बोजा असेल तर बेबाकी. एका काकूंना भीती की पॅन दिलं म्हणजे आयकर कापणार. कापत नाहीत, २०१३ च्या कायद्याच्या कलम ९६ ने माफी आहे. त्यांचा विश्वास बसेना, तेव्हा बँकेतल्या त्यांच्या भाच्याला फोन लावून दिला.

मग बहिणींचा विषय. सातबाऱ्यावर आजा मेल्यावर वारस लागलेले, त्यात मुली आहेत, आणि जमीन कसताना त्यांना कधी कोणी विचारलं नव्हतं. रक्कम आली तशी सही लागली. भाऊ म्हणतो, “त्या काय नको म्हणत्यात, तुमी फकस्त कागद द्या.” मी हक्कसोडपत्राचा नमुना देत नाही. माझं ते काम नाही, आणि निबंधकाकडे नोंदल्याशिवाय त्याला अर्थही नाही. ज्याचं नाव त्याच्या खात्यात पैसे, नाहीतर कलम थ्री-एचप्रमाणे वाद दिवाणी न्यायालयात आणि रक्कमही तिकडे. पुष्कळदा एवढं ऐकल्यावर भाऊ बहिणीकडे जाऊन चहा पिऊन येतात, जिथे दिवाळीलाही गेलेले नसतात.

एका गटाचं वाटप तीन पुतण्यांनी असंच अडवून ठेवलंय. आत्या कुर्ल्याला. नवऱ्यामागे एकटीने खोली चालवलेली बाई. मध्यंतरी फोनवर तिने मला विचारलं होतं, “माझा वाटा किती, ते कागदावर लिहून पाठवा. बाकीचं मी बघते.” मी निवाड्यातलं तिचं पान स्कॅन करून पाठवलं. पुतण्यांना ते कळल्यावर ते आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

सायंकाळी ७.०५

जिल्ह्यावरून फोन. “तुमच्या पुनर्वसनात आकडा कसा काय आला या वेळी? बाकी सगळे प्रांत निरंक आहेत. चुकून पडलाय का?”

“नाही. अर्ज आलेत.”

“मग शेऱ्यात कारण टाका की. दोन शब्दांत.”

‘घरे बाधित’ असे दोन शब्द टाकले. पुन्हा मेल.

कुलूप लावताना तलाठ्याचा फोन. आत्या सोमवारी यायला तयार आहे, सही करते म्हणाली, पण आपल्या वाट्याची, सोडणार नाही. आणि रेल्वेचं येण्याजाण्याचं भाडं कोण देणार विचारतेय, कारण पुतण्यांनी बोलावलंय. असा खर्च आमच्याकडे कशातच पडत नाही. पुतण्यांनी द्यावं म्हणून सांग, म्हटलं, आणि पॅन आणि पासबुक मूळ घेऊन यायला सांग, झेरॉक्सवर होत नाही.